पावले मोजणारी चटई
चेंगराचेंगरीत माणूस तुडवला जाऊन मरतो, असा समज आहे. पुष्कळदा तो उभ्या उभ्याच गुदमरतो; छाती फुगायला जागाच उरत नाही. ऑक्सिजन घेऊन आम्ही पोचतो ते उशिरा.

नाशिकच्या २००३ च्या कुंभात चेंगराचेंगरीत ३९ जण गेले. पुढच्या, २०१५ च्या कुंभाआधी मूळचे नाशिकचे, एमआयटीतले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने तिथे ‘कुंभथॉन’ भरली. संशोधक, विद्यार्थी, प्रोग्रामर एकत्र बसले. गर्दी वाढतेय हे बंदोबस्तावरच्यांना वेळेत कळावे, म्हणून पावले मोजणारी ‘आशियोतो’ चटई तयार झाली. तिचा प्रोग्राम लिहिणारा निलय कुलकर्णी तेव्हा शाळकरी वयाचा होता! एका रोग्याभोवती आम्ही चार डॉक्टर जमलो, तर मते पाच होतात.

गंगाखेडच्या गोदाघाटावर पर्वणीला गेलो, की माझी नजर आधी अरुंद वाटेकडे जाते.