आवारातील गतिरोधक : उंचीइतकाच लांबीचा प्रश्न

कारखाना, गोदाम, रुग्णालय किंवा व्यापारी संकुल यांच्या आवारात बसणारा गतिरोधक बहुधा उंची विचारून खरेदी केला जातो. ५० मिलिमीटरचा हवा की ७५ मिलिमीटरचा, एवढाच प्रश्न मागणीपत्रावर येतो आणि वाहनाच्या प्रवासाच्या दिशेने मोजायची त्याची लांबी किती असावी, हे सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक गतिरोधक कोणाला रोखतो आणि कोणाला केवळ छळतो, हे उंचीइतकेच, किंबहुना अधिक, या लांबीवर ठरते.

या साधनाचा विचार एका मोठ्या शास्त्रज्ञाने केला तो खासगी आवारासाठीच, ही गोष्ट लक्षणीय आहे. १९२७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे आर्थर कॉम्प्टन अमेरिकेत सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्रमुख असताना, विद्यापीठाच्या आवारातून भरधाव जाणाऱ्या मोटारींना आवर घालण्यासाठी त्यांनी १९५३ मध्ये उंचवट्यांची रचना केली. त्यानंतर १९७३ मध्ये ब्रिटनच्या परिवहन व रस्ते संशोधन प्रयोगशाळेतील वॉट्स यांनी निरनिराळ्या आकारांच्या उंचवट्यांवरून वाहने नेऊन जो अभ्यास केला, त्यातून सुमारे ३.७ मीटर लांबीचा आणि १०० मिलिमीटर उंचीचा, वर्तुळाच्या कमानीसारखा उतरता छेद पुढे आला आणि तो जगभर प्रमाण मानला गेला.

या आकारामागील तर्क प्रथमदर्शनी उफराटा वाटतो. अरुंद उंचवट्यावरून वाहन सावकाश गेले, तर चाकाबरोबर गाडीचा सांगाडाही उचलला जातो आणि आतल्या माणसाला दणका बसतो. तेच वाहन वेगाने गेले, तर हादरा स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांच्यातच बराचसा जिरतो आणि सांगाडा फारसा हलत नाही. म्हणजे नियम पाळणाऱ्याला शिक्षा आणि बेफिकिराला सूट, असा हा विचित्र न्याय होतो, शिवाय चाकाला आणि सांध्यांना बसणारा मार वाढतो तो वेगळाच. याउलट उंचवटा मोटारीच्या चाकांतरापेक्षा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसांमधील अंतरापेक्षा, लांब असेल, तर सांगाड्याला त्या चढउतारामागे जावेच लागते, आणि वेग जसा वाढतो तशी अस्वस्थताही वाढत जाते. लहान मोटारीचे चाकांतर अडीच मीटरच्या आसपास असते, हे ध्यानात घेतले की ३.७ मीटर या आकड्याचा अर्थ उलगडतो.

इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ च्या मार्गदर्शिकेत दुय्यम रस्त्यांसाठी जवळपास हाच छेद स्वीकारला असून १७ मीटर त्रिज्या, ३.७ मीटर लांबी आणि १० सेंटिमीटर उंची अशा उंचवट्यावरून ताशी २५ किलोमीटर वेगाने जाता यावे, अशी त्या मार्गदर्शिकेची अपेक्षा होती. ट्रक आणि बस यांचे प्रमाण मोठे असेल, तर दोन्ही कडांना दीड-दीड मीटरचे, वीसास एक अशा चढाचे उतार जोडावेत, अशी पुस्तीही तीत होती. ब्रिटनच्या १९९९ च्या नियमांनी सार्वजनिक रस्त्यावरील उंचवट्याची उंची २५ ते १०० मिलिमीटरच्या दरम्यान आणि लांबी किमान ९०० मिलिमीटर ठरवली; आवारांसाठी सर्रास विकली जाणारी रबरी पट्टी जेमतेम ३०० ते ४०० मिलिमीटर लांब असते, म्हणजे ती त्या रस्त्यांवर बसूच शकत नाही.

तरीही अरुंद पट्टी सर्वत्र टाकाऊ आहे, असे म्हणता येणार नाही. वाहनतळाच्या उतारावर, तळघराच्या तोंडाशी किंवा सुरक्षारक्षकाच्या केबिनपाशी, जिथे वाहन मुळातच ताशी ८-१० किलोमीटरने चालायला हवे आणि वेग घेण्याइतकी मोकळी जागाच नसते, तिथे तिचे काम चोख होते. चूक घडते ती गेटपासून गोदामापर्यंतच्या सरळ, लांब रस्त्यावर तीच पट्टी ठोकली जाते तेव्हा.

निवड करताना आवारात येणाऱ्या सर्वांत वेगवान वाहनाऐवजी सर्वांत नाजूक चाकाकडे पाहावे, कारण औद्योगिक आवाराचे वेगळेपण तिथेच आहे. फोर्कलिफ्टला बहुधा स्प्रिंग नसतात, तिचे टायर अनेकदा भरीव रबराचे असतात आणि भार पुढच्या बाजूला उचललेला असतो. त्यामुळे अरुंद उंचवट्यावर माल घसरण्याचा, प्रसंगी फोर्कलिफ्टच कलंडण्याचा धोका असतो. माल हलवणाऱ्या हातट्रॉलीची पुढची चाके तर मुठीएवढी असतात, त्यांना २५ मिलिमीटरची कडसुद्धा भिंतच. अशा मार्गावर गतिरोधक टाकण्यापेक्षा मार्गच वेगळा आखणे शहाणपणाचे ठरते, आणि तसे करणे अशक्य असेल तर वाहनांचा रस्ता वळवून किंवा अरुंद करून वेग कमी करता येतो. अग्निशमन बंब आणि रुग्णवाहिका यांच्या वाटेबाबतही हाच विवेक लागतो.

पाळी सुटताना कामगारांची गर्दी ज्या जागी रस्ता ओलांडते, तिथे सपाट माथ्याचा उंचवटा, म्हणजे दोन्ही बाजूंना उतार आणि मध्ये वाहनाचे चाकांतर मावेल एवढी सपाटी असलेला ओटा, सर्वांत उपयुक्त ठरतो, कारण तो पादचाऱ्यांचा उंचावलेला मार्गही होतो. खर्च अधिक असला, तरी चाकण किंवा भिवंडीसारख्या ठिकाणी, जिथे एकाच गेटातून कंटेनर, छोटा हत्ती, दुचाकी आणि पायी चालणारे कामगार असे सगळे येतात, तिथे हा खर्च रास्त आहे.

जुन्या टायरांच्या रबरापासून बनवलेले पिवळे-काळे तुकडे सध्या सर्वाधिक वापरले जातात. ते लवचीक असतात, सुटे जोडता येतात आणि त्यांच्यात प्रकाश परतवणारे मणी बसवलेले असतात. प्लास्टिकचे तुकडे हलके व स्वस्त असतात, परंतु जड वाहनांखाली फार टिकत नाहीत. देशात २०१८ पासून चार टायरांच्या एका आसावर साडेअकरा टनांपर्यंत भार नेण्याची मुभा आहे आणि उंचवट्यापाशी ब्रेक लागताच त्या भाराचा आडवा रेटा थेट बोल्टांवर येतो. म्हणून तुकड्याइतकाच खालचा पृष्ठभागही तपासावा लागतो. ट्रिमिक्सच्या, म्हणजे जादा पाणी शोषून काढलेल्या, काँक्रीटमध्ये अँकर बोल्ट घट्ट बसतो, डांबर उन्हाळ्यात मऊ पडून त्याची पकड ढिली होते, आणि पेव्हर ब्लॉकवर तर काही दिवसांत बोल्टासह ब्लॉकच उचकटून येतो. पेव्हर ब्लॉकच्या आवारात त्या पट्ट्यापुरता काँक्रीटचा थर टाकल्याखेरीज पर्याय नसतो.

महाराष्ट्रातील पावसात उंचवटा हा नकळत बांध ठरतो, म्हणून कडेला पाण्यासाठी फट ठेवावी लागते, परंतु फट थोडी मोठी झाली की दुचाकीस्वार नेमके तिथूनच वळण घेऊन जातात. तिथे बोलार्ड, म्हणजे आखूड खांब, उभा केला की दोन्ही प्रश्न सुटतात. वजनकाट्याच्या तोंडाशी उंचवटा मात्र कधीच नसावा, कारण त्यावरून हिंदकळत आलेला ट्रक काट्यावर चढल्यावरही डोलत राहतो, आकडा स्थिरावायला वेळ लागतो आणि भारमापक संवेदकांना विनाकारण धक्के बसतात.

रात्रपाळीच्या आवारात आगाऊ सूचनाफलक आणि पुरेसा उजेड हवाच; १९८८ च्या मार्गदर्शिकेत सार्वजनिक रस्त्यासाठी हा फलक ४० मीटर आधी सांगितला होता. बोल्ट ढिले होणे हा सर्वांत नेहमीचा दोष असून उखडलेल्या तुकड्याच्या जागी उभा राहिलेला बोल्ट टायर फाडतो, म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर ते आवळून घ्यावेत आणि तुटलेला भाग त्याच दिवशी बदलता येईल, इतके सुटे तुकडे मूळ खरेदीतच मागवून ठेवावेत.