वेगाचा तोल

चैत्र पौर्णिमेस वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची सासनकाठी नाचविली जाते, तेव्हा एक जण तिचा भार पेलतो आणि इतर भाविक चोहोबाजूंनी दोर ताणून तिचा तोल राखतात. त्यांतील एकानेही क्षणाची दिरंगाई केली, तर काठी कलल्यावाचून राहत नाही. परस्परावलंबनाचा हाच नियम फॉइलवर धावणाऱ्या कॅटमरान नौकांच्या शर्यतीत अधिक कठोरपणे अंमल गाजवितो.

पाण्याखालील पंखासारख्या फॉइलमुळे वर उचलणारे बल निर्माण होऊन नौकेचे दोन्ही सांगाडे पाण्याबाहेर येतात. त्यामुळे पाण्याचा विरोध घटतो, वेग वाढतो, परंतु स्थैर्य हरपते. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने फॉइलचा कोन सतत बदलावा लागतो, आणि वळताना नौका एकदा पाण्यात बसली, की ती पुन्हा उचलली जाईपर्यंत प्रतिस्पर्धी दूर निघून जातो.

२०१३ साली सॅन फ्रान्सिस्को येथील अमेरिकाज कप स्पर्धेत न्यूझीलंडच्या संघापुढे ८–१ असा पिछाडीवर पडलेला ओरॅकल संघ अखेर ९–८ असा विजयी झाला. स्पर्धा चालू असतानाच नौकानयनपटू बेन एन्स्ली यांच्याकडे डावपेचांची जबाबदारी सोपविण्यात आली, नौकेत दुरुस्त्या झाल्या आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जातानाही फॉइलवर टिकण्याचे कौशल्य संघाने आत्मसात केले. तेव्हा मागे पडणाऱ्या संघाच्या धैर्याविषयी शंका घेण्यापूर्वी त्याची नौका, त्याची तालीम आणि खलाशांमधील समन्वय यांची कसून तपासणी करणे, हेच न्यायाचे होय.