वेड्यावाकड्या दगडाभोवती फिरताना

मुदखेड जंक्शनवरून आदिलाबादकडे निघालेली गाडी भोकरच्या आसपास एक रेषा ओलांडते. ती जमिनीवर कुठं आखलेली दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात कन्याकुमारीकडून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत त्रिकोणांची जी साखळी मोजत नेली, तिची ही मधली रेषा. बीदरजवळच्या दामरगिद्द्यावरून ती नांदेडच्या पूर्वेकडून वर वऱ्हाडात जाते. हे काम सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला आणि पुढची मोजणी जॉर्ज एव्हरेस्टनं केली.

या मोजणीत एक विसंगती निघाली. उत्तरेतलं कलियाना आणि माळव्यातलं कल्याणपूर या दोन ठाण्यांमधलं अंतर त्रिकोणांवरून एक आलं आणि ताऱ्यांवरून वेगळं आलं. फरक सुमारे १६० मीटरचा. मोजणारे निष्काळजी नव्हते. ताऱ्यांवरून अक्षांश काढायचा तर आधी ‘सरळ खाली’ म्हणजे कुठं ते ठरवावं लागतं, आणि ते ठरवतो ओळंबा. गवंडी भिंतीला लावतो तोच. कलियानाला हिमालय जवळ असल्यामुळं त्याचं वस्तुमान ओळंब्याला किंचित आपल्याकडं ओढत होतं. जॉन प्रॅटनं १८५५ मध्ये पर्वताची ओढ गणितानं काढली, तर ती दिसलेल्या फरकाच्या तिप्पट आली. म्हणजे पर्वताखाली खोलवर हलका खडक असला पाहिजे. जमिनीच्या पोटात काय आहे ते ओळंब्याच्या ढळण्यावरून कळलं, ही मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

लघुग्रहांभोवती फिरणारी यानं आज नेमकं हेच करतात. फरक इतकाच, की तिथं ओळंबा टांगलेला नसतो. यान स्वतःच ओळंबा असतं.

गुरुत्वाकर्षण एखाद्या वस्तूच्या मध्यबिंदूतून येतं, असं आपण शाळेत धरून चालतो. खरं तर वस्तूचा प्रत्येक कण ओढत असतो आणि आपल्याला जाणवते ती या सगळ्या ओढींची बेरीज. वस्तू गोल असेल आणि तिच्या आतले थर सगळीकडून सारखे असतील, तर ही बेरीज अशी जमते, की सारं वस्तुमान केंद्रात गोळा झाल्यासारखंच भासतं. न्यूटननं हे सिद्ध करून १६८७ च्या ग्रंथात मांडलं. त्यामुळंच ग्रहांची गणितं सोपी होतात आणि कक्षा स्वच्छ लंबवर्तुळ निघते.

पृथ्वीसुद्धा पुरती गोल नाही. विषुववृत्तावरची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरनं जास्त आहे. एवढ्या फुगवट्यानंही उपग्रहाच्या कक्षेचं प्रतल हळूहळू वळत राहतं. भारताच्या रिसोर्ससॅट उपग्रहांच्या कक्षा अशा बेतानं निवडल्या आहेत, की हे वळणं दिवसाला जवळपास एक अंश व्हावं. पृथ्वी सूर्याभोवती दिवसाला तेवढीच सरकते. म्हणून त्यांना पिकांची छायाचित्रं दर वेळी सकाळी साडेदहाच्या सुमाराच्या उन्हात घेता येतात. पृथ्वीचं बेढबपण इथं चक्क कामाला लावलं आहे.

लघुग्रहाजवळ मात्र ते इतकं मवाळ राहत नाही. सेरेससारखा सुमारे ९४० किलोमीटर व्यासाचा पिंड स्वतःच्या वजनानं दबून गोल होतो. लहान दगडांत तेवढा जोर नसतो, खडकाची ताकद गुरुत्वाला पुरून उरते. म्हणून ते टक्करींनी जसे घडले तसेच राहतात : लांबट, खाचखळग्यांचे, काही दोन गोळे चिकटल्यासारखे.

एरोस हा लघुग्रह जरा जवळून पाहू. लांबी सुमारे ३४ किलोमीटर, जाडी फक्त ११. तो ५ तास १६ मिनिटांत स्वतःभोवती एक गिरकी घेतो, तीही आडव्या मुसळासारखी, टोकं फिरवत. पृथ्वीवर ५० किलो भरणारं पोतं तिथं ताणकाट्याला लावलं तर ठिकाणाप्रमाणं १२ ते २८ ग्रॅमच्या आसपास भरेल. टोकांकडं कमी, कारण ती मध्यापासून लांब आहेत आणि गिरकीमुळं बाहेर फेकण्याची प्रवृत्तीही तिथंच जास्त. ओळंबा टांगला तर बऱ्याच जागी तो केंद्राकडं बोट दाखवणारच नाही.

अशा दगडाभोवती यान कसं फिरवायचं? नासाचं निअर शूमेकर यान १४ फेब्रुवारी २००० रोजी एरोसच्या कक्षेत शिरलं, पण लगेच जवळ गेलं नाही. सुरुवातीला ते तीनशे किलोमीटरांहून दूर राहिलं. इतक्या अंतरावरून आकाराचा वाकडेपणा जवळजवळ जाणवत नाही, एरोस एका बिंदूसारखाच ओढतो, त्यामुळं आधी एकूण वस्तुमान पक्कं करता येतं. मग कक्षा २०० वर आली, १०० वर आली, ५० वर आली. दर टप्प्याला यानाच्या रेडिओ लहरींची कंप्रता पृथ्वीवर मोजली जाई. यान पृथ्वीकडं येत असेल तर ती किंचित वाढते, दूर जात असेल तर घटते. त्यावरून वेगातला अगदी बारीक बदलही पकडता येतो. अपेक्षित वेग आणि प्रत्यक्ष वेग यांतला फरक म्हणजे एरोसच्या एखाद्या उंचवट्यानं दिलेला हिसका. हिसके नोंदवायचे, त्यावरून गुरुत्वाचा नकाशा सुधारायचा आणि नकाशा पक्का झाला की आणखी खाली उतरायचं.

पन्नास किलोमीटरवर यानाचा वेग सेकंदाला जेमतेम ३ मीटर होता. सावकाश चाललेल्या सायकलीचा वेग! एक फेरी पुरी व्हायला दिवसाहून जास्त वेळ लागे. त्या एका फेरीत एरोसची लांब टोकं यानाच्या खालून पुन्हा पुन्हा जात.

खरी गोम इथंच आहे. यान एरोसच्या गिरकीच्याच दिशेनं आणि जवळून फिरत असेल, तर एखादं टोक बराच वेळ त्याच्या थोडं पुढं किंवा थोडं मागं राहतं. पुढचं टोक यानाला ओढून वेग वाढवतं, मागचं टोक वेग खातं. नागपंचमीच्या झोक्याला नेमक्या वेळी हात लावत गेलं, की हलक्या हातानंही तो फांदीला जाऊन भिडतो. तसेच हे लहान हिसके लयीत जुळले, की साठत जातात. काही फेऱ्यांत कक्षा ताणली जाते आणि यान एक तर दूर भिरकावलं जातं, नाहीतर दगडावर आपटतं. यावरचा उपाय साधा आणि सुंदर आहे : उलट दिशेनं फिरायचं. मग टोकं समोरून झपाट्यानं येतात आणि निघून जातात. एकानं दिलेला हिसका दुसरं लगेच पुसून टाकतं. निअर ३५ किलोमीटरच्या कक्षेत उतरलं ते असं उलटं फिरतच. पुढं १२ फेब्रुवारी २००१ रोजी ते एरोसवर अलगद टेकलं, उतरण्यासाठी पाय नसतानाही.

या हिशेबातून एरोसचं पोटही कळलं. त्याचा वस्तुमानमध्य आणि आकाराचा मध्य जवळजवळ एकाच जागी निघाले, म्हणजे आतून तो बऱ्यापैकी एकसारखा आहे.

दगड आणखी लहान झाला, तर मामला आणखी नाजूक होतो. जपानचं हायाबुसा २००५ मध्ये इटोकावाला पोचलं. सुमारे ५३५ मीटर लांबीच्या या दगडाभोवती त्यानं कक्षा धरलीच नाही, समोर थांबून काम केलं. त्यानं मिनर्व्हा नावाची छोटी उपकरणपेटी सोडली, पण सोडण्याच्या क्षणी यान वर चढत होतं. तिथून सुटून जायला सेकंदाला वीस सेंटिमीटरचा वेगसुद्धा पुरतो. पेटी खाली पडलीच नाही, अवकाशात निघून गेली.

बेन्नू या लघुग्रहाचा व्यास सुमारे ४९० मीटर. तिथं ओसायरिस-रेक्स यानानं ३१ डिसेंबर २०१८ रोजी कक्षा धरली, तेव्हा त्याचा वेग होता सेकंदाला सुमारे ५ सेंटिमीटर. इतक्या क्षीण ओढीत सूर्यप्रकाशाचा रेटाही हिशेबात धरावा लागतो. म्हणून कक्षा दिवस-रात्रीच्या सीमेवरून नेली. त्यामुळं तिचं प्रतल सूर्याला तोंड देऊन राहिलं आणि प्रकाशाचा रेटा फेरीच्या एका भागात वेग वाढवून दुसऱ्या भागात घटवू शकला नाही. मग जानेवारी २०१९ मध्ये एक अनपेक्षित मदत मिळाली. बेन्नू स्वतःच बारीक खडे उडवत असल्याचं दिसलं. त्यांतले काही खडे त्याच्याभोवती काही दिवस फिरून पुन्हा खाली पडत. यानापेक्षा ते कितीतरी जवळून जात, त्यामुळं गुरुत्वाचा नकाशा त्यांनीच अधिक बारकाईनं काढून दिला. त्यातून असं दिसलं, की बेन्नूचा मधला भाग आणि विषुववृत्तावरचा फुगवटा बाकीच्या मानानं विरळ आहेत.

हे सगळं कशासाठी, असं विचारणाऱ्यानं एकदा लोणारला जाऊन काठावर उभं राहावं. काळ्या पाषाणातलं सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं ते विवर अवकाशातून आलेल्या दगडानंच पाडलं आहे. असा दगड वळवायचा, तर तो किती जड आहे आणि आतून घट्ट आहे की भुसभुशीत, हे आधी माहीत हवं. २६ सप्टेंबर २०२२ रोजी डार्ट यान डिमॉर्फसवर मुद्दाम आपटवलं. हा डिडिमॉस नावाच्या मोठ्या दगडाभोवती फिरणारा छोटा दगड. त्याची ११ तास ५५ मिनिटांची फेरी अर्ध्या तासाहून जास्तच कमी झाली. टक्कर किती लागू पडली, हे कक्षेनंच सांगितलं.

आता १३ एप्रिल २०२९ ची वाट पाहायची. अपोफिस नावाचा सुमारे साडेतीनशे मीटरचा लांबट दगड पृथ्वीच्या पृष्ठभागापासून अंदाजे ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे. आपल्याकडं तेव्हा १४ एप्रिलची पहाट असेल, म्हणजे आंबेडकर जयंतीची. तो आदळणार नाही, हे मोजमापांनी पक्कं झालं आहे. या वेळी ओढणारी पृथ्वी असेल आणि हिसके बसतील ते वाकड्या दगडाला. त्याच्या जवळच्या आणि लांबच्या टोकांवरची ओढ वेगवेगळी असल्यानं त्याची गिरकी बदलेल. ती किती बदलली, हे जवळून पाहायला बेन्नूची माती आणणारं तेच यान आता ओसायरिस-एपेक्स या नावानं त्याच्याकडं निघालं आहे.