शाळेतील कौटुंबिक चित्रपट-संध्या : गैरसमज आणि वस्तुस्थिती

विद्यार्थी, पालक आणि शिक्षक यांनी शाळेच्या सभागृहात किंवा मैदानावर एकत्र बसून चित्रपट पाहण्याचा उपक्रम शाळेभोवतीचा समाज जोडणारा असल्याने तो अधिकाधिक शाळांनी हाती घ्यावा, असाच आहे. परंतु त्याच्या कायदेशीर बाजूविषयीच्या चुकीच्या समजुतींमुळे काही शिक्षक-पालक संघ विनाकारण माघार घेतात, तर काही नकळत इतरांच्या हक्कांचे उल्लंघन करतात.

गैरसमज : निर्मात्याच्या परवानगीशिवाय शाळेत चित्रपट दाखवणे बेकायदेशीरच असते.
वस्तुस्थिती : स्वामित्वहक्क म्हणजे कलाकृतीची प्रत काढण्याचा व ती लोकांसमोर सादर करण्याचा अनन्य अधिकार होय, मात्र भारताच्या 1957च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम 52 या अधिकाराला काही अपवाद करते. त्यानुसार शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमांचा भाग म्हणून चित्रपट दाखवला आणि प्रेक्षकांत केवळ कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कार्याशी संबंधित व्यक्ती असल्या, तर ते उल्लंघन ठरत नाही.

गैरसमज : प्रवेश विनामूल्य ठेवला की कोणालाही बोलावता येते.
वस्तुस्थिती : या अपवादाची सीमा शुल्कावरून नव्हे, तर प्रेक्षकवर्गावरून आखलेली असल्याने संपूर्ण वस्तीला दिलेले खुले निमंत्रण तिच्याबाहेर जाते आणि अशा वेळी हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागते. अमेरिकेतील कायदा याहून कठोर आहे. तेथील शैक्षणिक सवलत वर्गातील प्रत्यक्ष अध्यापनापुरती असल्यामुळे पालकांसह होणाऱ्या मनोरंजनाच्या कार्यक्रमाला, तो विनामूल्य असला तरी, सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना लागतो, हे तेथे मराठी शाळा चालवणाऱ्या मंडळांनी विशेष ध्यानात ठेवावे.

गैरसमज : ओटीटी सेवेचे शुल्क भरले की चित्रपट शाळेतही दाखवता येतो.
वस्तुस्थिती : सदस्यत्व हा ग्राहक आणि सेवा पुरवणारी कंपनी यांच्यातील करार असून तो सामान्यतः वैयक्तिक, घरगुती वापरापुरता असतो, म्हणून कायद्याची सवलत उपलब्ध असली तरी कराराच्या अटी स्वतंत्रपणे तपासणे, अथवा अधिकृत डीव्हीडी वापरणे किंवा निर्मात्याकडून लेखी परवानगी मिळवणे श्रेयस्कर ठरते.

गैरसमज : जुना चित्रपट सर्वांच्याच मालकीचा असतो.
वस्तुस्थिती : भारतात चित्रपटावरील स्वामित्वहक्क तो प्रकाशित झाल्यानंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून 60 वर्षे टिकतो. 1954मध्ये राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाने गौरवलेल्या, आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ (1953) या चित्रपटाची ही मुदत 2013अखेर संपली. तथापि गीत-संगीतावरील हक्कांची मुदत कवी आणि संगीतकार यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षे चालत असल्याने ते हक्क मागे उरू शकतात.

गैरसमज : मुलांच्या कार्यक्रमात ‘यू’ प्रमाणपत्राव्यतिरिक्त दुसरा चित्रपट चालत नाही.
वस्तुस्थिती : ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी खुला, तर ‘यूए’ म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याजोगा चित्रपट. चित्रपट-प्रमाणनाच्या कायद्यातील 2023च्या दुरुस्तीने ‘यूए’चे 7, 13 आणि 16 वर्षे या वयोमर्यादांनुसार तीन उपवर्ग झाले असून ते पालकांना निर्णयासाठी दिलेले मार्गदर्शन आहे. पालक शेजारी बसणार असल्याने थोडी गंभीर कथाही निवडता येते, मात्र उपस्थितांतील सर्वांत लहान मुलाचे वय विचारात घ्यायलाच हवे. सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’ (2014) घरातील आर्थिक विवंचना मुलांच्या नजरेतून मांडतो आणि मोठ्यांनाही तितकाच गुंतवून ठेवतो.

गैरसमज : शाळेचे मैदान स्वतःचे असल्याने ध्वनिक्षेपकाला बंधन नसते.
वस्तुस्थिती : 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर त्याचा वापर करता येत नाही.

निमंत्रितांची यादी, चित्रपटाचा अधिकृत स्रोत, प्रमाणपत्र आणि वेळ या चार बाबी आधी निश्चित केल्या, तर छोट्या गावातील शाळाही हा उपक्रम निर्धास्तपणे करू शकते; शिवाय विद्यार्थ्यांना कलावंताच्या हक्कांचा आदर शिकवण्याचे काम शाळेच्या स्वतःच्या आचरणातूनच साधते.