अतिवेगाचे पहिले चलान : दंड भरावा की न्यायालयात जावे?

नवी दिल्ली : प्रवास संपून चार-आठ दिवस झालेले असतात, गाडी घराखाली उभी असते आणि भ्रमणध्वनीवर संदेश येतो. अमुक तारखेला, अमुक ठिकाणी आपल्या वाहनाने वेगमर्यादा ओलांडली असून एवढा दंड भरावा, असे त्यात नमूद असते. रस्त्यात कोणी वाहतूक पोलिसाने हात दाखवलेला नसतो, कोणाशी बोलणेही झालेले नसते. अशा वेळी काही वाहनधारक कटकट नको म्हणून तत्काळ पैसे भरून मोकळे होतात, तर काही जण संदेशाकडे दुर्लक्ष करून लोकअदालतीची वाट पाहतात. दोन्ही निर्णय बहुधा कायदा न वाचताच घेतले जातात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर मात्र पहिल्या चलानाला दिलेल्या उत्तरावर दुसऱ्या चलानाचा परिणाम अवलंबून राहतो आणि तो परिणाम थेट चालकाच्या परवान्यापर्यंत पोहोचू शकतो.

कायद्यातील तरतूद

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ११२ वेगमर्यादेविषयी, तर कलम १८३ ती ओलांडल्याबद्दलच्या शिक्षेविषयी आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या सुधारित तरतुदीनुसार मोटारीसारख्या हलक्या वाहनासाठी १ हजार ते २ हजार रुपये, तर मध्यम व अवजड प्रवासी किंवा मालवाहू वाहनासाठी २ हजार ते ४ हजार रुपये दंड आहे. दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर हाच गुन्हा घडल्यास चालकाचा परवाना जप्त करण्याची तरतूद याच कलमात आहे. न्यायालयात न जाता पोलीस किंवा परिवहन अधिकाऱ्याकडे भरावयाचे तडजोड शुल्क राज्य शासन ठरवते. त्यामुळे एकाच प्रकारच्या चुकीसाठी दोन राज्यांत वेगवेगळी रक्कम आकारली जाऊ शकते.

कायद्याने अतिवेगाकडे इतके गांभीर्याने पाहण्याचे कारण आकडेवारीत आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाशी निगडित होते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर अंतर कापते. चालकाला धोका दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच गाडी तेवढी पुढे गेलेली असते.

दंड भरल्याने काय संपते?

कायद्याच्या कलम २०० नुसार तडजोड शुल्क भरल्यावर त्या गुन्ह्याचा खटला पुढे चालत नाही. एवढ्यावर प्रकरण मिटले, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र २०१९ च्या दुरुस्तीने या कलमात दोन महत्त्वाच्या अटी जोडल्या आहेत. पहिली अशी की, तडजोडीने मिटवलेला गुन्हाही ‘पूर्वी केलेला गुन्हा’ म्हणून मोजला जाईल. दुसरी अशी की, तडजोड झाली तरी परवान्यासंबंधीच्या कारवाईतून चालकाची सुटका होणार नाही.

याचा अर्थ असा की, कंटाळून भरलेल्या पहिल्या दंडामुळे पुढच्या वेळचे चलान ‘दुसरा गुन्हा’ ठरू शकते. त्या वेळी पोलीस कलम २०६ अन्वये परवाना ताब्यात घेऊन तो परवाना प्राधिकरणाकडे म्हणजे आरटीओकडे पाठवू शकतात. तेथे चालकाला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. बाजू समाधानकारक न वाटल्यास पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र ठरवण्याची आणि पुन्हा तसे घडल्यास तो रद्द करण्याची तरतूद कलम १९ मध्ये आहे. नोकरदाराला तीन महिने बसने किंवा रेल्वेने जाता येईल. टॅक्सी, टेम्पो किंवा ट्रक चालवून घर चालवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मात्र ते तीन महिन्यांचे उत्पन्न आहे.

चूक खरोखर झाली असेल, तर मुदतीत दंड भरून विषय संपवणे हाच सरळ मार्ग होय. चूक झालीच नसेल, तर केवळ रक्कम लहान आहे म्हणून ती भरून टाकण्याआधी विचार करावा, इतकाच या तरतुदीचा बोध आहे.

चलान कसे तपासावे?

कॅमेऱ्याद्वारे होणाऱ्या कारवाईसाठी केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७-अ समाविष्ट केला. त्यानुसार वेग मोजणाऱ्या उपकरणाला सक्षम प्राधिकरणाचे मान्यता प्रमाणपत्र असणे व त्याचे दरवर्षी नूतनीकरण होणे आवश्यक आहे. कॅमेऱ्याच्या टप्प्यापूर्वी वाहनचालकांना ठळकपणे दिसेल असा सूचनाफलक हवा. गुन्ह्याची सूचना घटनेपासून १५ दिवसांच्या आत पाठवावी, असेही २०२१ च्या नियमात म्हटले आहे. सूचनेसोबत वाहन व नंबरप्लेट दिसणारे छायाचित्र, उपकरणाने नोंदवलेले मोजमाप, तारीख, वेळ, ठिकाण, कायद्याचे संबंधित कलम आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याबाबतचे प्रमाणपत्र अपेक्षित आहे.

म्हणून संदेश येताच परिवहन विभागाच्या किंवा संबंधित राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावर वाहन क्रमांक टाकून चलान उघडावे आणि छायाचित्र नीट पाहावे. गाडीचा रंग, बनावट आणि नंबरप्लेटवरील प्रत्येक अक्षर जुळते का, हे तपासावे. आपलाच क्रमांक दुसऱ्या गाडीवर लावलेला दिसल्यास ऑनलाइन हरकत नोंदवण्याबरोबरच पोलिसांत लेखी तक्रार देणे हिताचे ठरते, कारण त्या गाडीने उद्या अपघात केला तरी चौकशी मूळ मालकाकडेच येईल.

सरासरी वेगावर आधारित चलान अनेकांना अन्यायकारक वाटते. ही पद्धत मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरील कॅमेरा यंत्रणेतही आहे. दोन कॅमेऱ्यांमध्ये १० किलोमीटर अंतर असेल आणि मर्यादा ताशी १०० असेल, तर ते अंतर कापण्यास किमान ६ मिनिटे लागली पाहिजेत. गाडी ५ मिनिटांत पोहोचली, तर सरासरी वेग ताशी १२० भरतो. त्यामुळे कॅमेऱ्याजवळ वेग कमी केला होता, हा युक्तिवाद येथे उपयोगाचा नाही.

गाडी दुसरेच कोणी चालवत असेल, तर चालकाचे नाव, पत्ता व परवान्याची माहिती मागितल्यावर ती देणे कलम १३३ अन्वये मालकाचे कर्तव्य आहे. गाडी विकली असूनही चलान जुन्या मालकाच्या नावे येत असेल, तर बहुधा हस्तांतराची नोंद राहिलेली असते. राज्यातल्या राज्यात व्यवहार झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवणे बंधनकारक आहे. विक्रीचा करारनामा व वाहन ताब्यात दिल्याची पावती अशा वेळी उपयोगी पडते.

न्यायालयाची पायरी

पूर्वी परगावचे चलान म्हणजे परगावच्या कोर्टाची वारी असे. आभासी न्यायालयांमुळे हे चित्र बदलले. वाहतूक प्रकरणांसाठीचे असे न्यायालय जुलै २०१९ मध्ये दिल्लीत सुरू झाले. महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यातील काटोल येथील आभासी न्यायालयाचे उद्घाटन ३१ ऑक्टोबर २०२० रोजी झाले. येथे चलान संगणकाद्वारे न्यायाधीशांसमोर येते, ते दंडाची रक्कम निश्चित करतात आणि वाहनधारकाला संदेश जातो. वाहनधारकापुढे दोन पर्याय असतात : दंड मान्य करून ऑनलाइन भरणे किंवा प्रकरण लढवणे.

समजा, इंदूरमध्ये राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाच्या गाडीला पुण्याजवळ चलान झाले. दंड मान्य असेल, तर घरबसल्या भरता येतो. लढवायचे ठरवल्यास मात्र प्रकरण नियमित न्यायालयाकडे, म्हणजे जेथे गुन्हा घडल्याचे म्हटले आहे तेथील प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे वर्ग होते. प्रवासखर्च, वकिलाचे शुल्क आणि बुडणारे दिवस यांचा हिशेब मांडूनच हा पर्याय निवडावा.

समन्स आल्यास घाबरण्याचे कारण नाही आणि ते बाजूला ठेवून देण्याचेही नाही. कलम २०८ नुसार केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात समन्सवरच दोन मार्ग नमूद करावे लागतात. आरोपी स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहू शकतो अथवा ठरलेल्या तारखेपूर्वी गुन्हा कबूल करून न्यायालयाने सांगितलेली रक्कम पाठवू शकतो. यांपैकी काहीच न केल्यास मात्र वॉरंट निघू शकते.

तारखेच्या दिवशी समन्स, चलानाची प्रत, परवाना, आरसी बुक, विमा आणि ओळखपत्र सोबत असावे. न्यायालयाबाहेरील फलकावर त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी असते. तीत आपला अनुक्रमांक पाहून पुकारा होईपर्यंत आत शांत बसावे. भ्रमणध्वनी बंद ठेवावा. प्रकरण पुढे आल्यावर न्यायाधीश आरोप सांगून गुन्हा कबूल आहे का, असे विचारतात. कबूल असल्यास पहिलीच वेळ असल्याचे नम्रपणे सांगता येते. न्यायालय दंड ठरवते आणि तो भरून पावती घेतली की काम संपते. कबूल नसल्यास तसे स्पष्ट सांगावे. मग पुढील तारीख पडते आणि आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर येते.

या टप्प्यावर कलम १८३ मधील एक उपकलम महत्त्वाचे ठरते. गाडी वेगात होती, असे केवळ एका साक्षीदाराचे मत असेल, तर त्यावर शिक्षा देता येत नाही. त्या मताला यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या मोजमापाचा आधार हवा. साहजिकच उपकरणाचे मान्यता प्रमाणपत्र चालू होते का, तेथे फलक होता का आणि छायाचित्र नेमके याच वाहनाचे आहे का, हे प्रश्न विचारण्याचा वाहनधारकाला अधिकार आहे. मात्र ‘सगळेच वेगात होते’ किंवा ‘घाई होती’ हे बचाव कायद्यात बसत नाहीत.

मुदतीचा मुद्दाही वारंवार पुढे केला जातो. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांत घ्यावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५१४ सांगते. मात्र हा आक्षेप न्यायालयात घ्यावा लागतो आणि पुरेसे कारण असल्यास न्यायालय विलंब माफही करू शकते. सहा महिने उलटले म्हणून संकेतस्थळावरील चलान आपोआप पुसले जात नाही.

वकिलाचा खर्च झेपत नसल्यास जिल्हा किंवा तालुका विधी सेवा संस्थेकडे अर्ज करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार मोफत साहाय्य मिळते. त्यासाठी १५१०० हा मदत क्रमांक आहे.

लोकअदालतीची वाट पाहावी का?

राष्ट्रीय लोकअदालतीत प्रलंबित चलाने सवलतीत मिटवली जातात, हे खरे आहे. तथापि सवलत हा हक्क नव्हे. कोणती चलाने घ्यायची आणि किती रक्कम कमी करायची, हे त्या-त्या वेळी व ठिकाणी ठरते. लोकअदालतीत झालेला निवाडा अंतिम असतो, त्याविरुद्ध अपील नाही. त्यामुळे ज्याला आरोपच मान्य नाही, त्याच्यासाठी हे व्यासपीठ नाही. शिवाय तोवर चलान प्रलंबित राहते आणि गाडी विकताना ते आडवे येऊ शकते.

बनावट संदेशांपासून सावधान

चलानाच्या नावाने फसवे संदेश पाठवून बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार देशभर घडत आहेत. संदेशातील दुव्यावर कधीही पैसे भरू नयेत आणि व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके फाइल उघडू नये. शासकीय संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ या अक्षरांनी संपतो. तो स्वतः टाइप करून चलान खरे आहे का, हे पाहावे. फसवणूक झाल्यास तातडीने १९३० या क्रमांकावर कळवावे. त्याचबरोबर वाहनाच्या नोंदीत आपला चालू भ्रमणध्वनी क्रमांक व पत्ता आहे ना, याची खात्री करावी. जुन्या क्रमांकावर गेलेल्या संदेशांमुळे अनेकांना आपल्या नावावर चलाने साचल्याचे फार उशिरा कळते.

मालकाचीही जबाबदारी

अतिवेगाची शिक्षा केवळ चालकासाठी आहे, असा समज आहे. प्रत्यक्षात कलम १८३ नोकरीतील किंवा आपल्या नियंत्रणातील व्यक्तीला मर्यादेपेक्षा जास्त वेगाने गाडी चालवायला लावणाऱ्यालाही शिक्षापात्र ठरवते. वेगमर्यादा मोडल्याशिवाय पूर्ण होणारच नाही, असे वेळापत्रक किंवा आदेश मालकाने दिला असेल, तर तो त्याच्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. माल पहाटेपर्यंत पोहोचलाच पाहिजे, असा आदेश लेखी किंवा संदेशाच्या रूपात आला असेल, तर चालकाने तो जपून ठेवावा. पहिल्या चलानाच्या वेळी त्याची गरज भासणार नाही कदाचित; परवाना पणाला लागतो, तेव्हा मात्र तोच कागद चालकाच्या बाजूने बोलू शकतो.