घरच्या संगणकावरून पालमचे उड्डाण

द्वारका, महिपालपूर किंवा गुरुग्राम येथे राहणाऱ्यांना डोक्यावरून जाणाऱ्या विमानांची सवय झालेली असते. मात्र घरातील शाळकरी मुलाने ‘मला विमान चालवता येईल का?’ असे विचारले, की पालक निरुत्तर होतात. त्याचे एक उत्तर संगणकावर आहे. मायक्रोसॉफ्टच्या ‘फ्लाइट सिम्युलेटर’ची पहिली आवृत्ती १९८२ मध्ये निघाली, ‘फ्लाइटगिअर’ तर विनामूल्य मिळतो. सोबत एक साधी जॉयस्टिक घ्यावी. कळफलकावर हाताला अंदाज येत नाही.

नवशिका पहिल्याच दिवशी जंबो जेट निवडतो आणि तेथेच फसतो. त्याऐवजी चार आसनांचे, एका इंजिनाचे सेसना १७२ घ्यावे आणि पालमच्या २८ क्रमांकाच्या धावपट्टीवर उभे करावे. हा अनुक्रमांक नव्हे. होकायंत्रावरील सुमारे २८० अंशांची, म्हणजे पश्चिमेकडील, दिशा त्यातून कळते. थ्रॉटल पूर्ण उघडून वेग ५५ नॉटच्या आसपास पोहोचला, की जॉयस्टिक हलकेच मागे घ्यावी. मुले ती पतंगाच्या मांजासारखी हिसकतात. मग नाक वर जाते, वेग मरतो आणि विमान कोसळते.

खरी गंमत उंचीदर्शकात आहे. हवेचा दाब नीट जुळवलेला असेल, तर चाके जमिनीवर असतानाच काटा ७७७ फुटांच्या जवळपास दिसतो. तो समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो आणि दिल्लीचा विमानतळ मुळातच तेवढा उंच आहे. म्हणजे उतरताना काटा १,००० वर आला, तेव्हा धावपट्टी अवघी सव्वादोनशे फूट खाली असते!

हे भान केवळ खेळापुरते नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीच्या पश्चिमेस, चरखी दादरीच्या आकाशात, पालमहून निघालेले सौदी विमान आणि पालमकडे येणारे कझाक विमान यांची टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले. कझाक विमानाला १५,००० फुटांपर्यंतच उतरण्याची परवानगी होती. ते त्याहून खाली आले होते. हा प्रसंग मुलांना जरूर सांगावा, मात्र भीती घालण्यासाठी नव्हे.

पहिला आठवडा विमानतळाभोवती एक फेरी मारून त्याच धावपट्टीवर उतरण्यात घालवावा. उतरताना वेग ६५ नॉटच्या आसपास राखावा. अनेक प्रयत्न फसतील, ते फसू द्यावेत. राष्ट्रपती भवनावरची सैर त्यानंतर. प्रत्यक्षात तो भाग विमानांना निषिद्ध आहे, खेळात मात्र कोणी अडवत नाही.