फिटनेसला गाडी नेण्याआधी
झाशीच्या ओरछा गेटाकडून सवारी भरून निघणाऱ्या ऑटोला ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं. खासगी गाडीवर ही पाळी १५ वर्षांनी, नोंदणीच्या नूतनीकरणावेळी येते. स्टिअरिंग, दिवे, हॉर्न, धूर सगळं तपासतात; पण माझ्या मते आधी ब्रेक आणि टायर बघावेत. रंगरंगोटीचे पैसे ब्रेक लायनरवर घाला, मागे बसलेल्यांचा जीव त्यावर असतो. टायरच्या नक्षीची खोली तीनचाकीला किमान ०.८ मिलिमीटर, मोटारीला १.६ लागते. टायर एकाच बाजूने झिजला असेल, तर नवा चढवण्याआधी अलाइनमेंट करून घ्या. ब्रेक दाबून मागचा दिवा कुणाला तरी बघायला सांगा. विमा आणि पीयूसीची मुदत आठवडाभर आधीच पाहून ठेवा.